एक प्रबंध, दोन विद्यापीठें



गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आमच्या घरीं आले. ते एका कारखान्यांत फिटर आहेत. मुलानें विद्युत् अभियांत्रिकीची पदवी चांगल्या रीतीनें मिळविली होती, आणि एकाच आठवड्यांत त्याच्या हातीं दोन पत्रें आलीं होतीं. एक नोकरीचें, दुसरें पीएच्. डी. करितां निवड झाल्याचें. हा दुसरा अभ्यासक्रम भारतांतील एक व परदेशांतील एक अशा दोन संस्थांनीं मिळून चालविलेला होता.

"सर," ते म्हणाले, "एका कष्टाला दोन पदव्या मिळतात असें पोरगा सांगतो. आमच्या कारखान्यांत एका पाळीचा दोनदां पगार कोणी देत नाहीं. यांत कांहीं फसगत तर नाहीं ना? शिवाय धाकटीलाही यंदाच कॉलेजांत घालायची आहे. यानें नोकरी सोडली तर तिचें काय? आणि तो तिकडे एवढीं वर्षें शोधणार तरी काय?"

खरें सांगावयाचें तर आम्ही ओशाळलों. पत्रावरील परदेशी विद्यापीठाचें नांव पाहतांच आम्ही आनंदून गेलों होतों. मुलाचें नांव वार्षिकांत ठळक अक्षरांनीं छापावें, असेंही मनांत येऊन गेलें होतें. परंतु तो तेथें नेमकें काय करणार, हें विचारावयाचें आम्हांस सुचलें नव्हतें. तें त्याच्या वडिलांस सुचलें. त्या दिवशीं आम्हीं अर्धेंमुर्धें उत्तर दिलें, व पुढें कांहीं आठवडे या विषयाची माहिती मिळविली. हा लेख म्हणजे तें राहिलेलें उत्तर होय.

पीएच्. डी. म्हणजे काय?

पुष्कळांची अशी समजूत असते, कीं मॅट्रिकच्या वरची पायरी बी. ई., तिच्यावरची एम्. ई., व सर्वांत वरची पीएच्. डी.; म्हणजे तोच जिना, फक्त आणखी एक मजला. ही समजूत बरोबर नाहीं. पदवीपर्यंत विद्यार्थी जें शिकतो, तें कोणाला तरी आधींच ठाऊक असतें. पुस्तकाच्या शेवटीं उत्तर छापलेलें असतें. पीएच्. डी. च्या विद्यार्थ्यास असा प्रश्न घ्यावा लागतो, कीं ज्याचें उत्तर त्याच्या गुरूसही ठाऊक नाहीं. तो प्रश्न नीट मांडणें, पूर्वीच्या लोकांनीं त्यावर काय केलें तें वाचणें, स्वतः प्रयोग वा गणित करून उत्तर काढणें, आणि तें जाणकारांच्या सभेंत सिद्ध करून दाखविणें, इतकें झालें म्हणजे त्याचा प्रबंध पुरा होतो. चार-पांच वर्षें लागतात तीं यासाठींच.

आतां विद्युत् व संगणक अभियांत्रिकी या जोडनांवाविषयीं. तारायंत्र, विजेचा दिवा व मोटर यांपासून एकोणिसाव्या शतकांत हें शास्त्र वाढीस लागलें. १९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर तयार झाला. १९५८ सालीं जॅक किल्बी यांनीं एकाच लहानशा तुकड्यावर संपूर्ण विद्युन्मंडल बसवून दाखविलें, आणि तेथून आजच्या चिपचा मार्ग मोकळा झाला. आज संगणक हा विजेच्या अवयवांनीं बनतो, आणि विजेचें जाळें संगणकाच्या देखरेखीखालीं चालतें. म्हणून पुष्कळ विद्यापीठांत या दोन विद्या एकाच विभागांत नांदतात. चिप, बिनतारी संदेश, वीजवाटप, यंत्रमानव, संगणकांची सुरक्षितता हे सर्व त्याच घरचे.

संयुक्त पदवी व दुहेरी पदवी

दोन विद्यापीठें एकत्र येऊन पदवी देतात, तेव्हां तिचे दोन प्रकार संभवतात. दोहोंच्या शिक्क्यानिशीं एकच प्रमाणपत्र मिळालें, तर ती संयुक्त पदवी. प्रत्येक विद्यापीठानें आपापलें वेगळें प्रमाणपत्र दिलें, तर ती दुहेरी पदवी. आपल्या देशांत विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं याविषयींचे नियम प्रसिद्ध केले. दुहेरी पदवी म्हणजे दोन निरनिराळ्या विषयांच्या वा निरनिराळ्या पायऱ्यांच्या पदव्या एकदम घेणें नव्हे, हें त्यांत स्पष्ट केलें आहे. संयुक्त डॉक्टरेट करणाऱ्यास प्रत्येक संस्थेंत एक मार्गदर्शक असावा, प्रत्येक ठिकाणीं किमान एक सत्र तरी त्यानें राहावें, व प्रबंध एकच असावा, असेंही ते नियम सांगतात.

तेव्हां आमच्या फिटरमित्रांच्या पहिल्या शंकेचें उत्तर येथेंच मिळतें. एका पाळीचा दोनदां पगार नव्हे. एकच काम दोन तपासनिसांकडून पास करून घेणें, असें हें आहे. कारखान्यांत एखादा सुटा भाग एका मापानें तपासून पुढें जातो, पण विमानाचा भाग असला तर तो दुसऱ्या मापानेंही तपासतात. भाग एकच, त्यावर उमटणारे शिक्के दोन.

पोर्तुगाल व पिट्सबर्ग

या पद्धतीचें एक चांगलें उदाहरण घेऊन पाहूं. पोर्तुगाल हें नांव आपणांस परकें नाहीं; १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यावर त्या देशाचा अंमल होता. आज तो एक कोटीहून थोड्या अधिक वस्तीचा लहानसा देश आहे. लिस्बन येथील तंत्रशिक्षण संस्था, 'इन्स्टिट्यूटो सुपिरिओर टेक्निको', व पोर्तो शहरांतील विद्यापीठ, या दोन्ही संस्था १९११ सालच्या. तेथें हुशार विद्यार्थी होते, चांगले अध्यापक होते. परंतु जगांतील मोठमोठ्या प्रयोगशाळांशीं व उद्योगांशीं जवळचा संबंध असावा तितका नव्हता.

दुसऱ्या बाजूस अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहर. तेथील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा पाया अँड्र्यू कार्नेगी यांनीं १९०० सालीं एका तंत्रशाळेच्या रूपानें घातला. हे कार्नेगी स्कॉटलंडांतील एका हातमागावर विणणाऱ्या गरीब माणसाचे चिरंजीव. लहानपणीं त्यांनीं सूतगिरणींत काम केलें, आणि पुढें पिट्सबर्गच्या तारऑफिसांत निरोप पोंचविणारा पोऱ्या म्हणून चाकरी केली. कामगारांच्या मुलांना हुन्नर शिकतां यावा, हा शाळा काढण्यांतील त्यांचा हेतु होता. १९६७ सालीं ती संस्था मेलन संस्थेशीं एक होऊन आजचें विद्यापीठ झालें.

२००६ सालीं पोर्तुगालच्या सरकारनें या विद्यापीठाशीं करार केला, आणि त्यांतून विद्युत् व संगणक अभियांत्रिकी धरून कित्येक विषयांत दुहेरी डॉक्टरेट सुरू झाली. विद्यार्थी पोर्तुगालमधील एका विद्यापीठांत व पिट्सबर्ग येथें, अशा दोन्हीकडे दाखल होतो. अभ्यासक्रम साधारणतः पांच वर्षांचा. त्यांपैकीं सुमारें दोन वर्षें अमेरिकेंत व बाकीचीं पोर्तुगालांत. दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक. शिष्यवृत्तीचा भार मुख्यतः पोर्तुगालच्या विज्ञान व तंत्रज्ञान प्रतिष्ठानाकडे असतो. शेवटीं प्रबंध एक व पदव्या दोन.

चौकांतील पुढारी

आतां दुसरा प्रश्न : शोधतात तरी काय? या दोन देशांच्या सहकार्यांतून निघालेलें एक काम आमच्या विद्यार्थ्यांना आवडेल.

पोर्तो हें जुनें शहर. गल्ल्या अरुंद, चढउतार फार. प्रत्येक चौकांत सिग्नल बसविणें खर्चाचें असतें, म्हणून कोणत्याही शहरांत बहुतेक चौक सिग्नलावांचूनच राहतात. पोर्तो विद्यापीठांतील मिशेल फेरेरा व कार्नेगी मेलन येथील ओझान तोंगुझ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह २०१० सालीं एक कल्पना मांडली : खांबावरचा दिवा काढून तो मोटारींतच बसवितां येईल काय?

युक्ति अशी. प्रत्येक मोटारींत एक लहान बिनतारी यंत्र असतें. तें 'मी येथें आहें, या बाजूस व या वेगानें चाललों आहें' असा निरोप सेकंदांत अनेक वेळां आसपासच्या मोटारींना देत असतें. चौकाशीं दोन दिशांनीं मोटारी येऊं लागल्या, कीं त्या आपसांतून एकीस पुढारी निवडतात. ही पुढारी मोटार कांहीं वेळ चौकाच्या सिग्नलाचें काम करते. कोणत्या दिशेनें जावें व कोणीं थांबावें, हें ती बाकीच्यांना कळविते; आणि तांबडा वा हिरवा दिवा प्रत्येक चालकास आपल्या मोटारींतच दिसतो. तिचें काम संपलें, म्हणजे ती दुसऱ्या बाजूच्या मोटारीकडे पुढारीपण सोंपवून निघून जाते.

यांतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. पुढारी कोण होते? जिला स्वतः तांबड्या दिव्यापाशीं थांबावयाचें आहे, ती. जी पळावयास उतावीळ आहे, तिच्या हातीं चौक देतां येत नाहीं. कारण ती चौक सोडून गेली, तर बाकीच्यांना सांगणार कोण? हा नीतीचा पाठ नव्हे, शुद्ध हिशेबाची गोष्ट आहे. तरी आमच्या मॉनिटरांनीं ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

युक्ति सांगावयास सोपी. पण संशोधन तिच्या पुढें सुरू होतें. कोपऱ्यावरील दगडी इमारतीमुळें बिनतारी निरोप अडला तर काय? दोन मोटारींनीं एकाच क्षणीं पुढारीपण घेतलें तर? जुन्या गाडींत यंत्रच नसलें तर? आणि पायीं चालणाऱ्या म्हातारीनें काय करावें? या प्रत्येक 'तर' मध्यें एकेका विद्यार्थ्याचीं वर्षेंच्या वर्षें खर्ची पडूं शकतात. बिनतारी लहरींचें गणित जाणणारे अध्यापक एका शहरीं, आणि अरुंद गल्ल्या, बसगाड्या व रहदारीचें मोजमाप दुसऱ्या शहरीं. दोन्ही ठिकाणीं राहिल्यावांचून असा प्रश्न पुरता हातीं येत नाहीं. दोन विद्यापीठांचा खरा उपयोग हा आहे. तो पत्राच्या माथ्यावर छापलेल्या नांवांत नाहीं.

याच वातावरणांत पुढें पोर्तो शहरांतील बसगाड्या व टॅक्सी एकमेकींशीं बिनतारी जाळ्यानें जोडण्याचें कामही झालें, व त्यासाठीं २०१२ सालीं एक कंपनी निघाली. प्रबंधांतील विचार रस्त्यावर उतरतो तो असा.

याची किंमत

आतां दुसरी बाजू सांगितली नाहीं, तर आम्ही आमच्या मित्रांस फसविल्यासारखें होईल.

दोन विद्यापीठें म्हणजे दोन नियमावल्या. एका ठिकाणचे पाठ दुसरीकडे धरले जातील कीं नाहीं, हें आधीं पाहावें लागतें. अभ्यासाच्या पहिल्या कांहीं वर्षांत पात्रतेची परीक्षा असते. प्राध्यापकांच्या समितीपुढें उभें राहून विद्यार्थ्यास आपलें काम समजावून द्यावें लागतें, व प्रश्नांस तोंड द्यावें लागतें. येथें पाठांतर चालत नाहीं. जो 'मला हें ठाऊक नाहीं, पण मी तें असें शोधीन' असें नीट सांगूं शकतो, तोच पार पडतो.

दोन मार्गदर्शक म्हणजे कधीं कधीं दोन मतें. एक म्हणतो, आणखी प्रयोग कर. दुसरा म्हणतो, आतां लिहावयास बस. विद्यार्थ्यानें दोन डगरींवर पाय ठेवले, तर तो मधल्यामध्यें अडकतो. म्हणून दोघांस एकत्र बसवून, ठरलें तें लिहून काढणें ही त्याचीच जबाबदारी असते. त्यांतही लिस्बन व पिट्सबर्ग यांच्या घड्याळांत साधारणतः पांच तासांचें अंतर. इकडे दुपार, तेव्हां तिकडे नुकतें उजाडलेलें. अर्धी प्रयोगशाळा आवरून समुद्रापलीकडे पुन्हां मांडावयाची. नवें घर, नवी थंडी, नवें जेवण. आणि प्रयोग फसला त्या संध्याकाळीं जवळ बोलावयास कोणी नाहीं. ही एकलकोंडी स्थिति कित्येक चांगल्या विद्यार्थ्यांना जड जाते. तींत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पण ती आहे हें घरच्यांनीं जाणून असावें.

आपल्या जवळचें उदाहरण

अशा शिक्षणासाठीं युरोपांतच गेलें पाहिजे असें नाहीं. मुंबईंत पवई येथें आय्. आय्. टी. मुंबई व ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहराचें मोनाश विद्यापीठ या दोघांनीं मिळून २००८ सालीं एक संशोधन अकादमी स्थापन केली. येथील विद्यार्थ्याचें बरेचसें काम पवईस होतें, कांहीं काळ तो मोनाश येथें जातो, दोन्हीकडे त्याचे मार्गदर्शक असतात, आणि शेवटीं दोन्ही संस्थांच्या नांवानें एकच पीएच्. डी. मिळते. म्हणजे वर सांगितलेल्या दोन प्रकारांपैकीं हा संयुक्त पदवीचा.

पालकांनीं विचारावयाचे प्रश्न

या सर्व वाचनानंतर आम्हीं एका कागदावर पांच प्रश्न लिहून त्या मुलाच्या हातीं दिले. इतर पालकांसही ते उपयोगीं पडतील, म्हणून येथें देतों.

१. दोन संस्थांमध्यें लेखी करार आहे काय, आणि शेवटीं प्रमाणपत्र एक मिळणार कीं दोन?

२. शिष्यवृत्ति किती वर्षांची? काम त्याहून लांबलें, तर पुढचा खर्च कोणाचा?

३. कोणत्या वर्षीं कोठें राहावयाचें, आणि प्रवास, परवाना व आजारपण यांची सोय कोण पाहणार?

४. दोन मार्गदर्शक पूर्वीं एकमेकांबरोबर काम केलेले आहेत काय?

५. संशोधनांतून कांहीं नवीन यंत्र निघालें, तर त्यावर हक्क कोणाचा?

याखेरीज एक सहावा प्रश्न वडिलांचा होता, व तो मुलानेंच सोडवावयाचा होता : तूं शोधणार काय? तो सांगूं लागला, तेव्हां प्रत्येक वाक्यांत असे शब्द आले, कीं त्याची आई उठून चुलीकडे गेली. आम्हीं त्यास एक आठवडा दिला. "आईस समजेल असें सांगून दाखीव, तोंवर कोणत्याच पत्रास उत्तर देऊं नको."

आठवड्यानें तो पुन्हां आला, आणि आईसमोर बसून म्हणाला, "आपल्या गांवचा ट्रान्स्फॉर्मर दर पावसाळ्यांत जळतो कीं नाहीं? मग आठ-आठ दिवस अंधार. जळण्यापूर्वीं त्याची कुरकुर वेगळी होते, ऊब वाढते. वायरमनच्या कानाला ती कधीं कळते, कधीं नाहीं. ती कुरकुर ऐकणारा लहानसा कान बसवायचा, आणि जळायच्या आधींच वायरमनला निरोप द्यायचा. पण विजेच्या गोंगाटांत ती कुरकुर वेगळी कशी ओळखायची, हें अजून नीट जमलेलें नाहीं. मला तें शोधायचें आहे." आई क्षणभर गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "मग हें आधीं कां नाहीं सांगितलेंस?"

प्रश्नांचीं उत्तरें मागवितां असें कळलें, कीं शिष्यवृत्ति कामाच्या अपेक्षित मुदतीहून एका वर्षानें कमी आहे. ही गोष्ट पत्रांत होती. पण आनंदाच्या भरांत तिच्याकडे कोणाचेंच लक्ष गेलें नव्हतें, आमचेंही नाहीं. घरांत दोन रात्री हिशेब झाला. मुलानें शिष्यवृत्तींतून ठराविक रक्कम दरमहा बहिणीकरितां पाठवावी, आणि शेवटच्या वर्षाची तजवीज आतांपासून थोडीथोडी करावी, असें ठरलें. धाकटीनेंही आपल्या वाट्याचें बोलून घेतलें : "दादाचें शेवटचें वर्ष येईल, तेव्हां मीही मिळवती असेन." मग नोकरीच्या पत्रास नम्रपणें नकार गेला.

हें त्याचें पहिलें वर्ष चालू आहे. अजून त्याला कोणतेंही यश मिळालेलें नाहीं, म्हणून त्याचें नांव आम्हीं येथें छापलें नाहीं. दर रविवारीं फोनवर त्याचे वडील त्याला 'किती मार्क पडले?' असें विचारीत नाहींत. ते विचारतात, "या आठवड्यांत काय जमलें नाहीं?" आणि तो सांगतो. संशोधकास याहून चांगला प्रश्न त्याचे दोन्ही मार्गदर्शकसुद्धां विचारीत असतील, असें आम्हांस वाटत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं फार थोडे पीएच्. डी. पर्यंत जातील, तसें सर्वांनीं जावेंच असेंही नाहीं. पण आपणांस न समजलेली एक तरी गोष्ट दररोज वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवण्यास कोणत्याही विद्यापीठाचें पत्र लागत नाहीं. आणि पालकहो, आपला मुलगा वा मुलगी मोठें नांव सांगत घरीं येईल, तेव्हां जरूर आनंद माना. मात्र जवळ बसवून एवढें अवश्य विचारा, कीं तूं तिकडे काय शोधणार आहेस, तें आम्हांला आपल्या भाषेंत सांग.